बी जिच्या हाती, नाव तिचं पट्ट्यावरती



मिरगाचा पाऊस तोंडावर आला आहे. राब भाजून झाले. पाड्यापाड्यावर बाया आता माळ्यावरची मडकी खाली काढायला लागल्या आहेत. एका मडक्यात राखेत घोळलेले वाल, दुसऱ्यात उडीद, तिसऱ्यात काकडी-भोपळ्याच्या बिया, आणि आढ्याला टांगलेली नागलीची निवडक कणसं. घरातल्या गड्याला विचारा, कुठल्या मडक्यात काय आहे? बहुतेक जण डोकं खाजवतील आणि म्हणतील, "तिला विचारा."

हे संपादकीय त्या "तिला विचारा"बद्दल आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवावं. बाया चुलीपाशी आणि गडी ओट्यावर, अशी बैठक नको. सगळे एका जागी बसा.

गेल्या महिन्याच्या बैठकीत एक बाई उठून उभी राहिली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ती आपल्यातलीच आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. प्लॉटचा पट्टा आला होता, पण एकट्या नवऱ्याच्या नावानं. आता दीर म्हणतो, प्लॉट आमच्या भावाचा, तू माहेरी जा. ती बैठकीत एवढंच म्हणाली, "त्या प्लॉटवर अकरा आंबे आहेत. रोपं मी डोक्यावरून आणली. चार उन्हाळे नदीवरून हंड्यानं पाणी घातलं. ती झाडं कुणाला ओळखतात, मला का कागदाला?"

बैठक गप्प झाली. गप्प होण्यासारखंच होतं, कारण तो दावा भरताना अर्ज आपल्याच कार्यकर्त्यानं लिहिला होता. दाव्याच्या अर्जात पहिला रकाना दावेदाराच्या नावाचा आणि दुसराच रकाना नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाचा आहे. तो दुसरा रकाना आपण कोरा सोडला. घाई होती, गर्दी होती, ती बाई त्या दिवशी मजुरीला गेली होती, अशी कारणं बरीच सांगता येतील. पण चूक आपली आहे, आणि ती या पत्रकात कबूल केली पाहिजे. साहेबाच्या चुका आपण दर अंकात छापतो. आपली का नको?

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून चार बायांची गोष्ट सांगतो. त्या कुणी देव्या नाहीत. हातपाय मातीत घातलेल्या बाया आहेत.

पहिली आपल्या शेजारचीच. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका, कळसूबाईच्या डोंगराच्या बाजूचा मुलूख, तिथलं कोंभाळणे गाव. तिथली राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजाची. शाळेची पायरी चढलेली नाही. पावसाळ्यात आपली शेती आणि पाऊस सरला की मजुरी, म्हणजे आपल्या सगळ्यांसारखंच. तिच्या डोळ्यांदेखत गावातलं जुनं बियाणं एकेक करून गेलं. दुकानाची पिशवी आली, पिशवीमागून खताची गोणी आली, गोणीमागून फवारणी आली. दर वर्षी बी विकत, दर वर्षी उधारी. राहीबाईनं उलटं केलं. म्हाताऱ्या बायांकडे जाऊन मूठ मूठ जुनं बी मागून आणलं. भात, नागली, वरई, आणि वाल-घेवड्याच्या तर कितीतरी तऱ्हा. लावलं, वाढवलं, पुन्हा बी धरलं. शेतात पाणी अडवलं, पडीक तुकडा लागवडीखाली आणला. बायफ या संस्थेची मदत मिळाली, बायांचे गट उभे राहिले, आणि घरातच बियाण्याची बँक झाली.

त्या बँकेचा हिशोब आपल्याला शाळेत न जाता समजेल असा आहे. बी न्यायचं, पेरायचं, आणि पीक आलं की जेवढं नेलं त्याच्या दुप्पट आणून द्यायचं. सावकाराचं व्याज पैशात वाढतं आणि आपल्याला खातं. इथे बियाण्यात वाढ होते, आणि ती वाढ पुढच्या घरी जाते. रघुनाथ माशेलकरांसारख्या शास्त्रज्ञानं तिला बीजमाता म्हटलं. २०१८ साली बीबीसीनं जगभरातल्या शंभर बायांच्या यादीत तिचं नाव घेतलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

दुसरी बाई गोव्याच्या खाली, कारवारच्या पुढे, अंकोला तालुक्यातल्या होन्नळी गावची. तुलसी गौडा, हालक्की समाजाची. बाप लहानपणीच गेला. आईबरोबर वनखात्याच्या नर्सरीत रोजंदारीवर जायला लागली. पिशव्या भरणं, बी टोकणं, पाणी घालणं. आपल्या किती बाया आजही हेच काम करतात! तुलसीबाईनं वर्षानुवर्षं रोजंदारीवर काढली, खूप उशिरा तिला कायम केलं. पण या काळात ती जे शिकली ते कुठल्या कोर्सात नव्हतं. जंगलात शेकडो झाडं एका जातीची असली, तरी बी कुठल्या झाडाचं घ्यायचं हे तिला कळायचं. त्याला ती जाणणारी माणसं आईझाड म्हणतात. निरोगी, जुनं, भरपूर धरणारं झाड, आणि त्याचं बी नेमक्या वेळी उचलायचं. लवकर उचललं तर कच्चं, उशिरा उचललं तर कीड लागलेलं. लोक तिला जंगलाचा चालता-बोलता ज्ञानकोश म्हणायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती दिल्लीला राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेली, ती अनवाणी, आपल्या समाजाच्या नेसणीत. १६ डिसेंबर २०२४ ला ती गेली. या पत्रकातर्फे आपण तिला जिंदाबाद म्हणू.

तिसरी, ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यातली कमला पुजारी, आदिवासी बाई. भाताच्या शंभराच्या आसपास जुन्या जाती तिनं गोळा करून जपल्या. तिला २०१९ साली पद्मश्री मिळाली. जुलै २०२४ मध्ये तीही गेली.

आणि चौथी जुनी गोष्ट, पण बियाण्याइतकीच जपून ठेवावी अशी. हिमालयात चमोली जिल्ह्यातलं रेणी गाव. जंगल लिलावात गेलं होतं. २६ मार्च १९७४ ला गावातल्या गड्यांना जमिनीच्या नुकसानभरपाईचे पैसे घ्यायला चमोलीला बोलावलं होतं. गावात उरल्या बाया. त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन वर चढली. गौरादेवी नावाची बाई, तिथल्या महिला मंडळाची पुढारी, पंचवीस-तीस बाया घेऊन त्यांच्या आडवी गेली. झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. शिव्या खाल्ल्या, धमक्या खाल्ल्या, हलल्या नाहीत. तोड थांबली. पुढे सरकारला समिती नेमावी लागली.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. गडी गेले होते पैसे घ्यायला, कारण जमिनीचा कागद त्यांच्या नावावर होता. जंगल वाचवलं ते ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांनी.

या चौघींचं नाव घेतलं की भाषणं गोड होतात. कुणी बीजमाता म्हणतं, कुणी वनदेवी म्हणतं. आपल्या लोकांना देवी करून टाकायची सवय जुनी आहे. देवीला नारळ देतात, सातबारा देत नाहीत. म्हणून सत्काराच्या शेजारी दुसरी एक तारीख मांडून पाहू या. जानेवारी २०१९ मध्ये कमला पुजारीला पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढा. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, आणि २८ फेब्रुवारीला त्या हुकमाला स्थगिती मिळाली. म्हणजे एका हातानं आदिवासी बाईला जंगल आणि बियाणं जपल्याबद्दल मेडल, आणि दुसऱ्या हातानं तिच्यासारख्या लाखोंना नोटीस. तुलसीबाईनं आयुष्यभर झाडं लावली, पण हालक्की समाजाला अनुसूचित जमातीच्या यादीत घ्या ही तिकडची मागणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली. यादीत नसलं की वनहक्क कायद्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतात.

तेव्हा मेडलचा आनंद धरायचा, पण कागद मागायचा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं लांबच्या बायांचं झालं. आपल्या पाड्यावर कुठे आहे असं ज्ञान? तर ऐका.

शेवळाची भाजी घशाला खाजते. ती काकडाच्या फळाबरोबर शिजवली की खाज जाते. हे कुणी शोधलं? कडूकंद तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडेल. तो चकत्या करून राखेत उकडतात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, मग तो दुष्काळात अख्खं घर जगवतो. हे कुणी शोधलं? कंद खणून झाला की देठाकडचा तुकडा परत मातीत पुरायचा, म्हणजे पुढच्या वर्षी वेल वर येतो. करटुल्याचं फळ तोडायचं, वेल ओढायचा नाही. कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत कोवळी असतानाच खुडायची. कुठल्या म्हातारीनं हे पहिल्यांदा करून पाहिलं तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. पण सुनेला सासूनं आणि लेकीला आईनं दिलेलं हे ज्ञान आज आपल्या ताटात आहे.

नर्सरीत जाणाऱ्या बायांना विचारा. त्या सांगतील की आंबा, फणस, जांभूळ, मोह यांचं बी सुकवून ठेवलं की मेलं, ते ओलं असतानाच मातीत गेलं पाहिजे. सागाचं बी उलट, त्याला आळीपाळीनं भिजवावं आणि उन्हात वाळवावं लागतं, मग ते फुटतं. हिरड्याचं कवच टणक, त्याला दम धरावा लागतो. तुलसीबाईला जे कळत होतं त्याचीच ही मुळाक्षरं आहेत. फरक इतकाच की तिच्याकडे कुणीतरी वळून पाहिलं. आपल्याकडे तिच्या बहिणी हजेरीपटावर अंगठा उठवून घरी येतात.

शिकलेल्या लोकांनीही हे मान्य केलं आहे. केरळातली जानकी अम्माळ, जन्म १८९७, आपल्या देशातली मोठी वनस्पतिशास्त्रज्ञ. खालच्या मानलेल्या जातीतून आलेली, लग्नाच्या वाटेला न जाता शिकलेली. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात तिनं काम केलं, आणि उसाचं रानातल्या गवताशी काय नातं आहे याचा अभ्यास केला. म्हणजे आपल्या बाया कोयता घेऊन ज्या उसाच्या फडात सहा-सहा महिने राबतात, त्या उसाची कुळी रानातली आहे. पुढे ती बाई विलायतेत मोठी झाली, १९४५ साली पिकांवरचा मोठा ग्रंथ तिनं एका साहेब शास्त्रज्ञाबरोबर लिहिला. पण १९५५ साली अमेरिकेतल्या मोठ्या परिषदेत ती बोलली ती आपल्या देशातल्या पोटापुरत्या शेतीवर जगणाऱ्या माणसांबद्दल. आणि म्हातारपणी केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात बुडू नये म्हणून उभी राहिली. १९८४ साली ती वारली, त्याच वर्षी ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. राहीबाई शाळेत गेली नाही, जानकी अम्माळ सगळ्या शाळा करून आली, पण दोघी पोचल्या एकाच बांधावर. बी आणि रान हे एकमेकांना धरून आहे. एक सोडलं की दुसरं जातं.

आता कायद्याचं बोलू. कारण ज्ञान आहे म्हणून कुणी जमीन देत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४, पोटकलम ४ मध्ये साफ लिहिलं आहे की लग्न झालेलं जोडपं असेल तर पट्टा दोघांच्या नावानं झाला पाहिजे. एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. हा हक्क वारसानं पुढे जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे नवऱ्यामागं ती वारस आहे, दीर नाही. पट्ट्याच्या नमुन्यातही धारकाच्या नावात जोडीदार धरलेला आहे. ज्या पट्ट्यावर एकच नाव आलं आहे तो पट्टा अपुरा आहे, आणि दुरुस्ती मागणं हा आपला हक्क आहे. ती मेहरबानी नाही.

वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण असतात, त्यात कमीत कमी एक तृतीयांश बाया पाहिजेत. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. हे २०१२ च्या सुधारलेल्या नियमात आहे. आता आपापल्या समितीचं दप्तर काढून बघा. बायांची नावं आहेत, अंगठे आहेत. पण त्या बोलल्या किती वेळा? की चहा झाल्यावर वही घरी पाठवून अंगठा आणला?

पुराव्याचंही ऐका. नियमात पुरावा म्हणून जमिनीवरची कायमची सुधारणा धरतात, सपाटीकरण, बांध, ताली. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही धरतात. बांध कुणी घातला, आंबा कुठल्या साली लावला, फणसाला पहिलं फळ कुठल्या लग्नाच्या वर्षी आलं, हे म्हाताऱ्या बाया तारखेपेक्षा पक्कं सांगतात. तो जबाब लिहून घ्या. स्थळपाहणी होते तेव्हा प्लॉटवरचं एकेक झाड, त्याचा घेर, ते कुणी लावलं, हे पंचनाम्यात लिहायला लावा. झाडाचं वय साहेबाला खोडता येत नाही.

शिवाय कलम ३ मध्ये गौण वनउपजाची मालकी आहे, आणि जंगलातल्या जैवविविधतेवर आणि त्याबद्दलच्या परंपरेच्या ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. शेवळ-काकडाचं ज्ञान हे कायद्यानं तुमचं आहे. कुणी वही-पेन घेऊन आला आणि वनस्पतींची नावं विचारायला लागला, तर आधी ग्रामसभेला विचारून या असं सांगा. बियाण्याचंही तसंच. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी धरायचा, पेरायचा, वाटायचा, बदलायचा आणि विकायचा हक्क आहे. फक्त एखाद्या नोंदलेल्या जातीचं बी छापील नावाच्या पिशवीत घालून विकता येत नाही. उसनं बी देणं-घेणं हा गुन्हा नाही, कुणी तसं घाबरवलं तर घाबरू नका.

काही गडी भाऊ म्हणतील, आम्ही एका घरात राहतो, एका चुलीवरचं खातो, नाव कुणाचं का असेना. भावांनो, घर सुरळीत चालतं तेव्हा नावाला किंमत नसते. नाव लागतं ते घर मोडतं तेव्हा. नवरा मेला, नवऱ्यानं दुसरी आणली, दारूत बुडाला, तेव्हा ती कुठे उभी राहणार? आणि उद्या रस्ता आला, धरण आलं, तर नुकसानभरपाई ज्याचं नाव त्याच्या खात्यात जाते. १९९० पासून आपल्या राज्यात रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड चालू झाली. खड्डे कुणी घेतले, पाणी कुणी घातलं? पण लाभार्थी कोण? ज्याचं नाव कागदावर, तो. असं करता करता बाई आपल्याच बागेत मजूर होऊन बसते.

दुसरे काही म्हणतील, राहीबाईला संस्थेनं हात दिला, तुलसीबाई वनखात्याच्या नोकरीत होती, यात आपल्या लढ्याचं काय? यात खरं आहे. मदत मिळाली म्हणून त्यांचं काम दिसलं. पण मडक्यातलं बी संस्थेनं आणलं नव्हतं, ते म्हाताऱ्या बायांनी ठेवलं होतं. आपण एकसाली प्लॉटसाठी मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, त्या दिवसांत घर कशावर चाललं? त्याच मडक्यांवर. कोर्टाच्या तारखांना गडी गेले तेव्हा पेरणी कुणी केली? मोर्चात आपण बायांना पुढे करतो, पोलीस लाठी उगारताना बिचकतो म्हणून. मग अर्ज लिहिताना मागे का सारतो?

आणि तिसरा सवाल बायाच विचारतात. हायब्रीड भात जास्त येतो, जुन्या भातानं पोट भरेल का? हा सवाल खोटा नाही. लेकराच्या ताटात दोन घास जास्त पडत असतील, तर त्या आईला आम्ही कुठल्या तोंडानं नको म्हणू? आमचं म्हणणं इतकंच, सगळी शेती दुकानाच्या हवाली करू नका. हायब्रीडचं बी धरून पुढच्या साली पेरलं तर ते पहिल्यासारखं येत नाही, म्हणून दर साली दुकानाचीच पायरी. पावसानं ओढ दिली, दुकानदारानं उधारी बंद केली, तर हातात काय? म्हणून गुंठाभर जागा तरी जुन्या भाताला, नागलीला, वरईला ठेवा. बांधावर वाल, तूर लावा. बी जिवंत राहतं ते पेरण्यानं. पाच-सात वर्षं मडक्यात पडून राहिलं की तेही मरतं.

आता कामाचं. पावसाळा लागायच्या आत प्रत्येक पाड्यानं एवढं करायचं.

एक. गावातल्या सगळ्या पट्ट्यांची यादी करायची. कुठल्या पट्ट्यावर दोघांची नावं, कुठल्यावर एकाचं, कुठल्यावर मेलेल्या माणसाचं, असे तीन भाग करायचे. एक नाव असलेल्यांचा आणि वारस लावायचा असलेल्यांचा ठराव ग्रामसभेत घ्यायचा आणि त्याची प्रत उपविभागीय समितीला पोच घेऊन द्यायची. पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

दोन. नवा दावा किंवा अपील भरताना जोडीदाराचा रकाना कोरा असेल तर कार्यकर्त्यानं तो अर्ज पुढे पाठवायचा नाही. बाई मजुरीला गेली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. जमीन पिढ्यांची आहे, एक संध्याकाळ गेली तर चालेल.

तीन. पाड्यावर एका घरी बियाण्याची मडकी ठेवायची. नेलं त्याच्या दुप्पट परत. एका वहीत बियाण्याचं नाव, कुणी दिलं, कुठल्या जमिनीत येतं, किती दिवसांत येतं, हे शाळेत जाणाऱ्या पोरींनी आजीला विचारून लिहायचं. वही पाड्याची, ती बाहेर जाणार नाही.

चार. वनखात्याचं रोपवन तुमच्या सामूहिक जंगलात होणार असेल तर झाड कुठलं लावायचं ते ग्रामसभा ठरवेल, आणि ग्रामसभेत आधी बाया बोलतील. मोह, हिरडा, आंबा, जांभूळ, बांबू की नुसता साग? सागाखाली शेवळ येतं का, हे ज्या खुडायला जातात त्यांना माहीत आहे. बी आपल्या आईझाडांचं घ्या, रोपं आपल्या बायांच्या नर्सरीत करा, आणि मजुरी पूर्ण घ्या.

पाच. त्या बाईच्या अकरा आंब्यांचं काय? येत्या ग्रामसभेत तिचा वारसठराव पहिला घ्यायचा असं बैठकीनं ठरवलं आहे. दिराच्या घरी आपले चार जण जाऊन बोलले आहेत. त्यालाही या पत्रकातून सांगतो, भाऊ, तू आपल्याबरोबर मोर्चात होतास. कसेल त्याची जमीन ही घोषणा तूही दिली होतीस. तेव्हा आपण ती जमीनदाराला आणि सरकारला ऐकवली. आता ती आपल्याच घरात ऐकायची पाळी आहे. कसणारी समोर उभी आहे.

ग्रामसभेला सगळ्या पाड्यांवरून या. ज्या बायांनी कधी तोंड उघडलं नाही त्यांनी निदान आपल्या प्लॉटवर काय काय लावलं आहे तेवढं उभं राहून सांगायचं. एकेक झाडाचं नाव घ्यायचं. कार्यकर्त्यांनी ते लिहून घ्यायचं.

बी जिच्या हाती, नाव तिचं पट्ट्यावरती!
जल, जंगल, जमीन आमची, बायांची आणि गड्यांची!
लढेंगे, जीतेंगे! जिंदाबाद!